मदत हवी आहे : टायर बदलावेत का, आणि कोणत्या मापाचे घ्यावेत?

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात मी एक जुनी पेट्रोल हॅचबॅक विकत घेतली असून तिच्या टायरांवर १६५/८० आर १४ ८५ टी असे माप आहे. त्यावरून रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची, प्रत्येक टायरची भारक्षमता ५१५ किलो आणि कमाल वेग ताशी १९० किलोमीटर, एवढे उमगले. (तेवढ्या वेगाचे धाडस मी अर्थातच करणार नाही.)

अडचण पुढेच आहे. टायरांवरील चार आकडी खूण २३१९, म्हणजे ते २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेले आहेत. नक्षीची खोली मात्र अजून ४ मिलिमीटर, म्हणजे १.६ मिलिमीटरच्या किमान मर्यादेपेक्षा बरीच जास्त आहे. अशा वेळी केवळ वयामुळे टायर बदलावेत का? दुकानदार १८५/७० आर १४ सुचवतो. माझ्या हिशेबाने व्यास जेमतेम ५ मिलिमीटरने कमी होत असल्याने स्पीडोमीटरमध्ये फारसा फरक पडू नये. परंतु मायलेज, स्टिअरिंगचा जडपणा आणि पावसाळ्यात घाटातील पकड यांबाबत ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे, त्यांनी कृपया सांगावे. दरवाजाजवळच्या पट्टीवर दिलेला हवेचा दाब या रुंद टायरांनाही तसाच ठेवायचा का?