मदत हवी आहे: नोकरी सांभाळून गाडीचं काम शिकायचंय, लवकर सांगा

घाईत_आहे: वय 38. गाडीचं मेकॅनिकचं काम शिकायचंय. गेल्या महिन्यात गाडी सकाळी स्टार्ट होईना म्हणून गॅरेजवाल्याने सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) बदलला, 9 हजार घेतले. चार दिवसांनी परत तेच. शेवटी बिल्डिंगमधल्या काकांनी बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी पावडर गरम पाण्याने धुतली आणि नट आवळला. खेळ खलास! आता कोणावर विश्वास नाही. क्लास कुठे आहे तेवढंच सांगा.

रिंगपाना: गाडी कुठली? राहता कुठे? स्वतःच्या गाडीपुरतं हवंय की धंदा करायचाय?

ठाणेकर_71: आयटीआय करा. मोटर मेकॅनिकचा कोर्स 2 वर्षांचा, डिझेल मेकॅनिकचा 1 वर्षाचा. पाया पक्का होतो. माझा पुतण्या तिथूनच शिकला.

घाईत_आहे: अहो, 9 ते 7 नोकरी आहे. आयटीआय दिवसा असतं.

रिंगपाना: तेच. पोरांसोबत बाकावर बसवणार का त्यांना? ओळखीचा गॅरेजवाला गाठा, रविवारी चार तास फुकट राबा. पहिले दोन महिने फक्त नट धुवायला मिळतील. मी कुर्ल्याला असाच शिकलो.

ठाणेकर_71: म्हणूनच गॅरेजवाले सेल्फ बदलत सुटतात. थिअरी शून्य.

रिंगपाना: काका, थिअरीने गंजलेला नट सुटत नाही.

स्कॅनरप्रेमी: कशाला एवढं? ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीतला बिघाड वाचणारं यंत्र घ्या, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावा, मोबाइलवर बिघाडाचा कोड येतो.

रिंगपाना: आणि पुढे? पी0300 आला, म्हणजे मिसफायर, इंजिनात इंधन नीट पेटत नाही. प्लग, कॉइल की इंजेक्टर ते तुम्हीच शोधा. यांच्या टर्मिनलच्या पावडरीचा तर कोडच येत नाही.

माहीमची_मेधा: सीएनजी असेल तर दर 3 वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) करून घ्या. लोक विसरतात.

घाईत_आहे: ताई, मी हे विचारलंच नव्हतं.

माहीमची_मेधा: मग पेट्रोल आहे का? सांगत का नाही?

सोसायटीग्रस्त: आधी सेक्रेटरीची परवानगी काढा. मी कंपाउंडमध्ये ऑइल बदललं, दोन थेंब सांडले, तर नोटीस बोर्डावर फ्लॅट नंबरसकट नाव. त्याच कंपाउंडमध्ये सेक्रेटरीचा मुलगा फटाके फोडतो ते चालतं.

स्कॅनरप्रेमी: आमच्याकडे तर गाडी धुवायलाही बंदी!

रिंगपाना: विषयावर या. स्वतःपुरतं असेल तर एअर फिल्टर, प्लग, बॅटरी, वायपर इथून सुरुवात करा. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडवा, लावताना शेवटी. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका, घोड्या (आधाराचे स्टँड) लावा. ब्रेकला सहा महिने हात नाही.

ठाणेकर_71: हे मात्र बरोबर.

घाईत_आहे: धन्यवाद. गोटी पाना सेट आणला, आत्ताच निगेटिव्ह सोडवत होतो. 10 ची गोटी हातातून सुटली, आत कुठेतरी गेली. खाली जमिनीवर नाही. काय करू? उद्या ऑफिसला गाडी न्यायचीय.

रिंगपाना: खालच्या प्लास्टिकच्या कव्हरवर अडकली असेल. ते कसं काढायचं ते गाडीवर अवलंबून आहे. आता तरी सांगा, कुठली गाडी?