बेळगावातनं इलेक्ट्रिक एसयूव्ही घेऊन सोलांगला स्कीइंग, जमेल काय?

टिळकवाडीकर: जानेवारीत मित्र मिळून मनालीला जायचं चाललंय, सोलांगला स्कीइंग शिकायचं. गाडी इलेक्ट्रिक, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीवाली. चोर्ला घाटातनं गोव्याला आरामात जाऊन येतोय, पण बर्फात रेंजचं, म्हणजे एका चार्जवर किती जाईल त्याचं काय? बाबा म्हणतात काकांची डिझेलच न्या.

निपाणीकर: पुण्यापर्यंतचा हिशोब मनालीत विसरा भावा. थंडीत रेंज 20-30 टक्के कमीच धरून चला, आणि हीटर लय खातोय, सीट हीटर असला तर त्याच्यावर भागवा. एलएफपी गार पडली की फास्ट चार्जरवर पण रडतखडत चार्ज होते, म्हणून हॉटेलवर पोचल्या पोचल्या बॅटरी गरम असतानाच लावायची, सकाळी चहा पिऊन बघू म्हटलं की बसा तिथंच. बुकिंगआधी 15 अँपियरचा अर्थिंगवाला सॉकेट आहे काय फोन करून विचारा.

खानापूरचा: मनालीच्या वाटेवरचं मंडी साधारण 760 मीटरवर, मनाली 2,050, म्हणजे सगळा चढच. उतरताना रीजेननं (गाडी हळू करताना मोटरच बॅटरी चार्ज करते त्यानं) थोडं परत मिळतंय, पण बॅटरी फुल किंवा एकदम गार असली तर रीजेन लागतच नाही, ब्रेकवर राहा. स्की तिथंच भाड्यानं मिळतात, टपावर काही बांधू नका, वाऱ्यानं रेंज जाते.

टिळकवाडीकर: बर्फाच्या साखळ्या पुढच्या चाकांना की मागच्या?

खानापूरचा: मोटर ज्या चाकांना आहे त्यांना. आधी मॅन्युअल बघा, काही गाड्यांत साखळीला जागाच नसते.