मदत हवी आहे: 'लोपामुद्रा' नाव ठेवावं का? अर्थ सांगा प्लीज

तिवस्याची आत्या
नमस्कार मंडळी, भावाला मुलगी झाली, पुढच्या रविवारी बारसं आहे आणि कानात नाव सांगायचा मान आत्याचा म्हणून सगळं माझ्याच गळ्यात आलंय. महाराजांनी भरणीचं चौथं चरण सांगितलं म्हणजे अक्षर निघालं 'लो'. आता लो वरून काय ठेवता? लोचना म्हटलं तर वहिनी म्हणे जुनाट वाटते, भाऊ म्हणे अक्षर सोडून दे, पण ते आईला चालत नाही. शेवटी वहिनीनेच मोबाईलवर शोधून लोपामुद्रा काढलं आणि मला तर ऐकल्या ऐकल्या आवडलं. पण आई म्हणते लोप म्हंजे नाहीसं होणं, देवानं घरी लक्ष्मी धाडली अन् तुम्ही तिले असं नाव काहून ठेवता बाप्पा? शेजारचे काका वेगळेच, त्यांना मुद्रा म्हटलं की बँकेचं मुद्रा लोन आठवते, पोरीला आत्तापासूनच लोनवाली म्हणून राहिले. तर अर्थ खरंच अशुभ आहे का, आपल्याकडे कोणी हे नाव ठेवते का आणि खेड्यातल्या शाळेत पोरीला जड तर नाही जाणार? लवकर सांगा, व्हॉट्सअपवर पत्रिका फिरवायची आहे.

रिटायर मास्तर
ताई, अशुभ बिलकुल नाही. लोपामुद्रा ही ऋग्वेदातली ऋषिका, अगस्त्य ऋषींची बायको. पहिल्या मंडलात 179 वं सूक्त आहे, सहाच ऋचांचं, त्यातल्या पहिल्या दोन तिच्या तोंडच्या. नवरा तपात बुडालेला आणि ही त्याला सरळ सांगते की वर्षानुवर्षं राबून मी थकले, म्हातारपण रूप घेऊन जाते, आता संसाराकडेही बघा. नावाचं म्हणाल तर महाभारतात वनपर्वात गोष्ट येते, अगस्त्यांनी प्रत्येक प्राण्याचं जे जे सुंदर ते घेऊन एक मुलगी घडवली आणि लेकरासाठी तप करणाऱ्या विदर्भाच्या राजाला दिली. जुने लोक फोड अशी करतात की तिच्या रूपापुढे बाकीच्यांची मुद्रा लोपली, हरणाच्या डोळ्यांचाही तोरा उतरला. म्हणजे लोप झाला तो दुसऱ्यांचा, तिचा नाही. आईंना एवढं सांगा.

पऱ्हाटीवाला
अन् राजा कुठला ते वाचलं का ताई, विदर्भाचा! दमयंती आपली, इंदुमती आपली, रुक्मिणी तर तुमच्या तिवसा तालुक्यातल्या कौंडण्यपूरची. रुक्मिणी गावोगाव सापडते, इंदुमती आजीच्या पिढीत लय होत्या, पण लोपामुद्रा मी आमच्या पंचक्रोशीत एकही नाही पाहिली. आपलीच पोट्टी अन् आपल्यालेच ओळख नाही. ते बिग बॉसच्या दहाव्या सीझनमधली लोपामुद्रा राऊत नागपूरचीच होय, तेव्हा थोडं कानावर आलं होतं तेवढंच.

खडगपूर रिटर्न
बंगाल आणि ओडिशात हे नाव कोणाला नवल वाटत नाही. मी नोकरीनिमित्त तिकडे होतो, ऑफिसात एक लोपामुद्रा होतीच, सगळे लोपा म्हणायचे. गायिका लोपामुद्रा मित्र तर तिकडे घरोघरी माहीत आहे.

वऱ्हाडी ठेचा
अर्थ चांगला असो नाहीतर काही असो, गावात जोडाक्षर टिकत नाही भाऊ. महिनाभरात लोपामुदरा होईल, मग मुदरी. पाळण्यातलं नाव हे ठेवा अन् कागदावर सोपं काहीतरी टाका, आमच्या घरी सगळ्यांचं तसंच आहे.

रिटायर मास्तर
ठेचाभाऊ, दोन नावं ठेवली की पुढे दाखला एकीकडे आणि आधार दुसरीकडे, जन्मभर प्रतिज्ञापत्रं करत बसा. शाळेत असताना मी हाच गोंधळ निस्तरत होतो. जोडाक्षराचं म्हणाल तर चंद्रभागा म्हणता येते की नाही गावाला?

शुक्रवारची सवाष्ण
ताई तुमच्या आई ललितासहस्रनाम म्हणतात का? त्यात देवीचं एक नाव 'लोपामुद्रार्चिता' आहे, म्हणजे लोपामुद्रेने जिची पूजा केली ती. श्रीविद्येच्या, म्हणजे याच देवीच्या, उपासनेत तर लोपामुद्रेच्या नावाने मंत्राची परंपरा आहे. पाठ करणाऱ्या बाईला हे नाव अशुभ कसं वाटेल?

तिवस्याची आत्या
ओ ताई काय सांगू, आई दर शुक्रवारी म्हणते ना! पोथी समोर धरून दाखवली तर चष्मा लावून बराच वेळ बघत बसली, मग म्हणे बरं, पण मी लोपाच म्हणीन, पूर्ण माह्या तोंडात बसत नाही. म्हटलं म्हण. काका मात्र अजून लोनवरच आहेत, त्यांना कोण समजावणार. आता एकच राहिलं, जन्माची नोंद ग्रामपंचायतीत झाली आहे पण नाव टाकलेलं नाही, त्याला किती मुदत असते?

रिटायर मास्तर
नोंदीपासून 12 महिन्यांच्या आत फी लागत नाही, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत लेट फी भरून टाकता येते. पण थांबू नका, बारसं झालं की त्याच आठवड्यात जा. इंग्रजी स्पेलिंग भावाने स्वतः कागदावर लिहून न्यावं, तोंडी सांगू नये, आणि दाखला हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाचून घ्यावा.