मिलफर्ड की डाउटफुल? बोटीवर काढलेली रात्र

मंडळी, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर गाडीने फिरायचं ठरलं की घरात वाद ठरलेला: मिलफर्ड साउंडला दिवसाची फेरी मारून परत यायचं, की तिथल्या किंवा डाउटफुल साउंडच्या फियॉर्डमध्ये (उंच कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीत) बोटीवर मुक्काम करायचा? ज्यांनी मुक्काम केलाय त्यांनी लिहा. फोटो खूप पाहिलेत. जेवण, झोप, पाऊस यांचं सांगा.

पुण्याहून

आम्ही मिलफर्ड केलं. टे अनाउ गावापासून रस्ता जेमतेम १२० किलोमीटरचा, पण अर्धा दिवस हाताशी ठेवा. होमर बोगद्यापाशी सिग्नलला थांबलो, तर एक किया पोपट टपावर उतरला आणि काचेचं रबर उपटायला लागला. भाड्याची गाडी! हे हॉर्न वाजवतायत, तो ढिम्म.

बोट सुटली तेव्हा धो धो पाऊस. सासूबाई म्हणाल्या, "हेच बघायचं होतं तर माळशेजला गेलो असतो." तासाभराने त्याच डेकवरून आत यायला तयार नव्हत्या. तिथले कडे म्हणजे नुसता कातळ, माती नावापुरती, पाणी मुरणार कुठे? पाऊस लागला की जिकडेतिकडे धबधबे सुटतात, उघडला की बघता बघता आटतात. बारमाही म्हणावेत असे बोवेन आणि स्टर्लिंग दोनच. वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे, त्यामुळे कोरड्या दिवसाची आस धरूच नका. दिवसाच्या बोटी परत गेल्या की सगळा फियॉर्ड आपलाच.

ऑकलंडहून

माझं मत डाउटफुलला. गाडी मानापोरी गावात ठेवायची, बोटीने तलाव ओलांडायचा, मग बसने विल्मट खिंड. हा २२ किलोमीटरचा रस्ता भूमिगत जलविद्युत केंद्राच्या कामासाठी बांधला; बाकी कुठल्याच रस्त्याला तो जोडलेला नाही. म्हणूनच गर्दी नाही. १७७० मध्ये कॅप्टन कुक या फियॉर्डच्या तोंडाशी येऊन गेला. आत शिरलो तर बाहेर पडायला वारा मिळेल का, या शंकेने आत गेलाच नाही.

सकाळी कप्तानाने इंजिन, जनरेटर सगळं बंद केलं आणि गप्प उभं राहायला सांगितलं. नेमका तेव्हाच आमच्यातल्या एका काकांचा भूपाळीचा अलार्म वाजला! पाणी काळंभोर दिसतं, कारण जंगलातून उतरणारं चहाच्या रंगाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं. त्याने उजेड अडतो, त्यामुळे एरवी खोल समुद्रात वाढणारं काळं प्रवाळ इथे बऱ्याच वर सापडतं.

नाशिकहून

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा, आयत्या वेळी सॅलडवर भागवावं लागेल. घरून थेपले, चिवडा नेलात तर न्यूझीलंडच्या प्रवेशाच्या फॉर्ममध्ये न विसरता लिहा. लपवलं तर दंड जबर आहे.

मेलबर्नहून

वरच्या सगळ्यांशी थोडा असहमत. लहान मुलं असतील तर मुक्कामाच्या भानगडीत पडू नका. फियॉर्डच्या आत पाणी संथ असतं, पण बोट सील दाखवायला टास्मन समुद्राच्या तोंडाशी गेली की चांगलीच डोलते. आमच्या धाकट्याने तिथे सगळं जेवण बाहेर काढलं. स्वस्तातली केबिन घेतलीत तर बंक बेड आणि अनोळखी माणसांचं घोरणं. सँडफ्लाय (चावणाऱ्या बारीक माश्या) तर घोट्याशी फोडून काढतात, पायमोजे घालाच.

ऑकलंडकर, त्या खिंडीच्या बसमध्ये मोठी बॅग घेतात का हो?

ऑकलंडहून

एका रात्रीपुरती छोटी बॅग घ्या, बाकीचं गाडीत राहू द्या. आणि पेट्रोल टे अनाउलाच भरून घ्या.