डबीच्या झाकणातले आटे भुगा होतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लेथवर शिसवीच्या डब्या कातून चेझरने (आटे पाडायच्या दातेरी हत्याराने) हातानेच आटे पाडतोय. इंचाला 16 आटे, लेथ मिनिटाला साधारण 300 फेऱ्यांवर. डबीवरचे बाहेरचे आटे झकास येतात. झाकणाच्या आत मात्र आट्यांचे शेंडे भुगा होऊन गळतात. चेझर सुटायला शेवटी खाच घेतलीय, तोंडाची कडही मारलीय, धार ताजी आहे. सागाचा तर नादच सोडला, त्यात आटा धरतच नाही. आटे छान धरणारं आफ्रिकन ब्लॅकवूडचं कठीण लाकूड परवडत नाही.

आधी पातळ सुपरग्लू जिरवावा की मेण चोळावं? चेझरच्या वरच्या बाजूला किंचित खाली उतार देऊन फरक पडतो का? खैर किंवा चिंचेच्या गाभ्यावर कुणी आटे पाडलेत का? फोटो असेल तर जरूर टाका.