मदत हवी आहे: हवाई बेटं, सरकते भूपट्ट आणि आपलं मुंगूस (नातवाचा सातवीचा गृहपाठ)

गणिताच्या_बाई

नमस्कार मंडळी,

महिना झाला, कॅलिफोर्नियात लेकीकडे आले आहे. नातू सातवीत. मी स्वतः तीस वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे "आजी, जरा बघ ना" म्हणत वही पुढे आली की अंगावर मूठभर मांस चढतं. या वेळी मात्र विज्ञानाची वही आली आणि माझी पंचाईत झाली. लेक-जावई दोघंही कामात बुडालेले. गृहपाठ शुक्रवारी द्यायचाय.

प्रश्न मराठीत सांगते. एखादं बेट निवडा. भूपट्टांच्या (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांच्या) हालचालीतून ते कसं तयार झालं ते आकृती काढून दाखवा. त्या बेटावरची एक आक्रमक परकी प्रजाती निवडा, ती कशी पोचली आणि तिच्यामुळे काय झालं ते लिहा. शेवटी, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का, ते पाच-सहा वाक्यांत मांडा.

मागच्या सुट्टीत हे लोक हवाईला जाऊन आले, म्हणून त्याने हवाई घेतलं. त्याचं उत्तर थोडक्यात असं:

"दोन भूपट्ट एकमेकांवर आदळले आणि हवाई वर आलं. भूपट्ट सरकतात, म्हणून प्राणी एका जागेवरून दुसऱ्या जागी पोचतात आणि तिथे आक्रमक होतात. भारतातलं मुंगूस असंच तिथे गेलं आणि त्याने पक्षी खाल्ले."

मला यात काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. आदळून वर येतो तो हिमालय, एवढं मला ठाऊक आहे. हवाईचंही तसंच का? आणि मुंगूस बिचारं इतकं वाईट कधीपासून झालं? आमच्या परसात मुंगूस दिसलं की आई शुभ मानायची.

इंग्रजी दुवे देऊ नका, नातू ते स्वतः वाचतो. मला समजेल असं सांगा.

फुकटचा_सल्ला

गृहपाठ नातवाचा आहे की आजीचा? इकडच्या शाळांतही हेच चाललंय. प्रकल्प मुलाचा, थर्माकोल बाबांचा, रंगकाम आईचं.

गणिताच्या_बाई

@फुकटचा_सल्ला, उत्तर मी लिहून देणार नाही, निर्धास्त राहा. चूक कुठे आहे ते मला कळलं तर मी त्याला नेमका प्रश्न विचारू शकेन. वर्गात जन्मभर तेच केलं.

दख्खनचा_दगड

बाई, तुमची शंका बरोबर आहे. पहिलं वाक्य खोडायलाच हवं.

हवाई दोन भूपट्टांच्या सीमेवर नाहीच. ते पॅसिफिक भूपट्टाच्या पार मध्यावर आहे, सगळ्यात जवळची सीमासुद्धा हजारो किलोमीटर लांब. तिथे कोणी कोणावर आदळलेलं नाही. खाली, पृथ्वीच्या प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातून, तापलेल्या खडकाचा एक झोत वर येतो आणि तो बराच काळ जवळपास एकाच जागी टिकून राहतो. याला हॉटस्पॉट म्हणतात. त्याच्या डोक्यावरून पॅसिफिक भूपट्ट वायव्येकडे सरकत असतो.

पापड भाजताना आठवा. ज्योत एका जागी, आणि चिमट्यात धरलेला पापड तुम्ही हळूहळू पुढे सरकवता. जिथे आच लागली तिथे फोड येतो, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. फोडांची रांग तयार होते, आणि ज्योतीपासून सगळ्यात लांबचा फोड सगळ्यात जुना. हवाईची बेटं म्हणजे ती रांग. वायव्येला कौआई, वय सुमारे ५० लाख वर्षं. आग्नेयेला बिग आयलंड, दहा लाखांच्याही आतलं, आणि ते अजून ज्योतीवरच आहे, म्हणून किलाउएआ ज्वालामुखी तिथे उफाळतो. त्याच्याही आग्नेयेला समुद्राखाली पुढचा फोड फुगतोय. त्याला लोइही म्हणायचे, आता कामाएहुआकानालोआ म्हणतात. त्याचं टोक अजून साधारण एक किलोमीटर पाण्याखाली आहे.

तुम्ही गणिताच्या म्हणून एक उदाहरण देतो, नातवाकडून करून घ्या. कौआई ते किलाउएआ अंतर ढोबळमानाने ५०० किलोमीटर. कौआईचं वय ५० लाख वर्षं. तर भूपट्टाचा वेग वर्षाला किती सेंटिमीटर?

गणिताच्या_बाई

५०० किलोमीटर म्हणजे ५ कोटी सेंटिमीटर. भागिले ५० लाख. वर्षाला १० सेंटिमीटर! अहो, हे तर त्रैराशिक निघालं. उद्या सकाळी त्याला करायला देते. पापडही भाजून दाखवते, घरात उडदाचे आहेत.

पण मग मधली बेटं? त्यांची वयं त्याच प्रमाणात येतात का?

दख्खनचा_दगड

हो, क्रम तोच राहतो. कौआई, मग ओआहू, मग माउई, मग बिग आयलंड. वायव्येकडून आग्नेयेकडे येताना वय उतरत जातं. आणि रांग कौआईशी संपत नाही. पलीकडची बहुतेक बेटं झिजत, खचत समुद्राखाली गेली आहेत, त्यांची ओळ पार रशियातल्या कामचात्काच्या दिशेने जाते. मधे एक ठळक वळणही आहे, ते सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीचं.

थोडं अवांतर, पण राहवत नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ याच जातीचा. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत असताना, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, अशाच एका हॉटस्पॉटवर आला आणि थरावर थर लाव्हा ओतला गेला. तो हॉटस्पॉट आज रियुनियन बेटाखाली आहे असं मानतात. मॉरिशस त्याच रांगेतलं. तिथल्या मराठी मंडळींच्या पायाखालचा दगड आणि रायगडाचा दगड एकाच भट्टीतले म्हणायला हरकत नाही. नातवाला हवाई बदलून मॉरिशस घे म्हणत नाही, आकृती अर्धी झाली असेल.

पाणकावळा

दगडसाहेबांनी अर्धं काम केलंय, उरलेलं मी करतो.

नातवाचं दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण त्यात दोन वेगळे काळ एकत्र मिसळलेत. भूपट्टांवर बसून प्राणी प्रवास करतात हे खोटं नाही. भारत मादागास्करपासून सुटला तेव्हा सोबत जीव घेऊनच निघाला. सह्याद्रीत जमिनीखाली राहणारा जांभळा बेडूक २००३ मध्ये नव्याने नोंदला गेला, त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक सेशेल्स बेटांवर आहेत. पण त्याला कोणी आक्रमक म्हणत नाही. तो इथलाच. कोट्यवधी वर्षं इथल्या पावसाशी, सापांशी, मुंग्यांशी जुळवून घेत राहिलाय.

हवाईचं तर तसंही नाही. ती बेटं कुठल्याच खंडापासून तुटलेली नाहीत, समुद्रातून कोरी करकरीत वर आली. सुरुवातीला नुसता लाव्हा. जे जीव आले ते तीन वाटांनी: वाऱ्यावर, लाटांवर, नाहीतर पंखांवर. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून अंतर जवळजवळ ३,८०० किलोमीटर. कोण पोचणार? फार थोडे. जे पोचले त्यांना मोकळं रान मिळालं. नातवाला आवडेल अशी गोष्ट सांगतो. माउईच्या हालेआकाला डोंगरावर चांदीसारख्या पानांचं सिल्व्हरस्वर्ड नावाचं झाड त्याने पाहिलं असेल. त्याचे पूर्वज कॅलिफोर्नियातलं, म्हणजे तुम्ही आत्ता बसलाय तिथलं, टारवीड नावाचं किरकोळ रानझुडूप. एखादं बी कधीतरी पोचलं आणि त्यातून तीसेक जाती झाल्या. फिंच जातीच्या एका छोट्या पक्ष्यापासून हनीक्रीपर पक्ष्यांच्या पन्नासहून जास्त जाती झाल्या.

आणि कोण पोचलं नाही ते बघा. जमिनीवरचा सस्तन प्राणी म्हणाल तर फक्त वटवाघूळ, तेही उडत आलं. उंदीर नाही, मांजर नाही, साप नाही. त्यामुळे नेने नावाचा तिथला हंस बिनधास्त जमिनीवर घरटं करायचा. त्याला पळायची गरजच कधी पडली नव्हती.

आता मुंगूस. उसाच्या मळ्यांत उंदरांनी उच्छाद मांडला होता. ते उंदीरही माणसांच्या होड्या-जहाजांतूनच आलेले. १८७२ मध्ये एका मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकाला नेली. तिथून १८८३ मध्ये ७२ मुंगसं हवाईच्या बिग आयलंडवर आणली. मुंगूस दिवसा हिंडतं, उंदीर रात्री. मुंगसाने उंदीर खाल्लेच नाहीत असं नाही, पण जमिनीवरची अंडी आणि पिल्लं त्याहून सोपी. १९५० च्या सुमारास रानातले नेने तीसेक उरले होते. यात एकटं मुंगूस दोषी नाही, शिकार होती, मांजरं-डुकरं होती. मात्र कौआईवर मुंगसांनी कधी बस्तान बसवलं नाही, आणि आज नेने सगळ्यात सुखात तिथेच आहेत. गृहपाठात हे नक्की लिहायला सांगा, तुलना आयती मिळते.

तर बाई, संबंध आहे, पण नातवाने लिहिला त्याच्या उलटा. भूपट्टाने मुंगूस आणलं नाही. हॉटस्पॉटने बेटं इतक्या लांब उगवली की मुंगूस तिथे पोचूच शकत नव्हतं, म्हणून तिथले पक्षी बेसावध राहिले. जहाजाने ते अंतर पुसलं.

शब्दखुळा

एक गंमत. इंग्रजी 'माँगूस' हा शब्द मुळात आपल्या 'मुंगूस'वरूनच गेलाय, इंग्रजी कोशांत मराठी म्हणूनच नोंद सापडते. नातवाने वर्गात सांगावं.

गणिताच्या_बाई

@शब्दखुळा, अय्या, खरंच? लगेच सांगितलं. तो म्हणतो, "मग आजी, वाईट आपणच पाठवलं आणि नावही आपणच दिलं?" आता याला काय बोलू.

पाणकावळा

त्याला सांगा, परसातलं आपलं मुंगूस ते नव्हेच. महाराष्ट्रात सगळीकडे दिसतं ते करडं मुंगूस, अंगाने मोठं. हवाईला गेलं ते लहान मुंगूस, उत्तर भारत-बंगालकडचं. तुमच्या आईचा शुभशकुन शाबूत आहे.

होनोलुलूकर

धागा आत्ता पाहिला. मी ओआहूवर राहतो. सकाळी साळुंक्यांचा असा कलकलाट असतो की डोळे मिटले तर कोथरूडात आहे असं वाटतं. त्यासुद्धा भारतातून आणलेल्या, १८६५ मध्ये, डॉ. हिलेब्रांड यांनी, कुरणांवरच्या लष्करी अळ्या खायला. त्याच डॉक्टरांनी त्याआधी १८५८ मध्ये शोभेचं झाड म्हणून घाणेरी लावली होती. हो, तीच, आपल्याकडे टेकड्यांवर माजलेली टणटणी. ती भारताचीही नाही, अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. पुढे काय झालं? साळुंक्यांनी घाणेरीची फळं खाल्ली आणि बिया डोंगरभर पेरल्या. एकाने दार उघडलं, दुसऱ्याने पाट मांडला.

डासही इथले नव्हेत. १८२६ मध्ये देवमासे मारणाऱ्या एका जहाजातून आले असं मानतात. पुढे पक्ष्यांचा मलेरिया त्यांच्याकरवी पसरला. म्हणून हनीक्रीपर आता बहुतेक उंचावर, थंडीत उरलेत, जिथे डास कमी.

पण बाई, एक चूक होऊ देऊ नका. परकं ते सगळं आक्रमक नव्हे. पॉलिनेशियन लोक होड्यांतून आले तेव्हा सोबत अळू, केळी, ऊस, हळद घेऊन आले. अळूला इथे कालो म्हणतात, देवासमान मानतात. मी इथल्या पानांच्या वड्या करतो, घशाला खाजत नाहीत. चिंच मात्र घालतोच.

फुकटचा_सल्ला

आपल्याकडे मिरची-बटाटाही बाहेरचाच की. मघाचं वाक्य मागे घेतो बाई, धागा छान चाललाय. गाजरगवतावरही कोणीतरी लिहा.

गणिताच्या_बाई

सगळ्यांचे आभार. काल रात्री पापड भाजला. पहिला जळला, दुसऱ्याला फोडांची रांग छान आली, फोटो काढून वहीत चिकटवणार आहे म्हणतो.

त्रैराशिक त्याने स्वतः केलं. मग मी एक प्रश्न विचारला: मुंगूस १८७२ मध्ये कलकत्त्याहून निघालं आणि १८८३ मध्ये त्याची पिल्लावळ हवाईत उतरली. तेवढ्यात भूपट्ट किती सरकला? त्याने ११ गुणिले १० केलं आणि हसायलाच लागला. एकशे दहा सेंटिमीटर! मुंगूस अर्धी पृथ्वी ओलांडून आलं आणि बेट जेमतेम त्याच्या टेबलाच्या लांबीएवढं हललं. शेवटच्या परिच्छेदाची सुरुवात तो याच वाक्याने करतोय, आणि हे मी सुचवलेलं नाही बरं का, @फुकटचा_सल्ला.

अळूचं एक वाक्य त्याला घ्यायचंय. डास आणि घाणेरी जागेअभावी सोडली. एवढंच विचारते, आकृतीत कौआई त्याने उजवीकडे खाली काढलंय आणि बिग आयलंड डावीकडे वर. बाण मात्र वायव्येकडेच. हे बरोबर आहे का?

दख्खनचा_दगड

नाही! उलटं झालं. बाण बरोबर आहे, बेटं चुकली. कौआई डावीकडे वर, बिग आयलंड उजवीकडे खाली, ज्योत बिग आयलंडच्या खाली.

गणिताच्या_बाई

पापड उलटा धरला होता. खोडरबर घेऊन बसलाय.