मस्कतहून पर्वरीत भाड्याचा फ्लॅट, फक्त चार फोटो

नमस्कार मंडळी, जूनमध्ये कायमचं गोव्यात येतोय, मुलीची शाळा पर्वरीत. एजंटने एका टू बीएचकेचे चार फोटो पाठवलेत, बिल्डिंगचं नाव नाही, मजला नाही, आणि म्हणतो दोन महिन्यांचं भाडं टोकन म्हणून आत्ताच टाका. काय करू?

म्हापसेकर: दादा, एक रुपया पण टाकू नका. आधी लाइव्ह व्हिडिओ कॉल मागा, रेकॉर्ड केलेला नको, आणि गेटपासून आत यायला सांगा म्हणजे बिल्डिंग कळते. मालकाच्या नावाची घरपट्टीची पावती आणि ताजं लाइट बिल मागा, खरा मालक ते देतोच.

सुनयना: जूनमध्ये येताय म्हणजे ऐन पावसात, तर बेडरूमची पश्चिमेकडची भिंत, खिडकीखालचा कोपरा आणि कपाटाची मागची बाजू दाखवायला सांगा. नवा रंग मारला की ओल महिनाभर दिसत नाही, मग बुरशी येते आणि लहान मुलं घरात असली की फार त्रास होतो हो. नळाला पाणी किती वाजता येतं ते शेजाऱ्यांकडून काढा.

म्हापसेकर: आणि अॅग्रीमेंट 11 महिन्यांचं लेखी हवंच, पोलिसांकडे भाडेकरू व्हेरिफिकेशनचा फॉर्म पण भरावा लागतो, त्याला टाळाटाळ करणारा मालक मला तरी नको.

पर्वरीवाला: हायवेला लागून असेल तर फ्लायओव्हरच्या कामाचं विचारा. बिल्डिंगचं नाव कळलं की इथे टाका, मी संध्याकाळी जाऊन बघून येतो.